विमानाच्या मैलांची हुंडी

जुन्या काळीं पुण्याचा एकादा गृहस्थ काशीयात्रेस निघाला म्हणजे वाटेंतील चोराचिलटांच्या भयानें तो सारी रोकड बरोबर नेत नसे. नामांकित सावकाराच्या पेढीवर रक्कम भरून तो तिची हुंडी घेई आणि काशीस पोंचल्यावर त्या सावकाराच्या आडत्याकडे ती वटवून आपला खर्च भागवी. हुंडीच्या त्या चिटोऱ्याला स्वतःचें असें मोल नव्हतें. मोल होतें तें सावकाराच्या पतीचें. तथापि एक गोष्ट त्या कागदावर स्पष्ट अक्षरांत लिहिलेली असे, आणि ती म्हणजे रक्कम. हुंडणावळ काय पडेल तें आधींच ठरे. यात्रेकरू वाटेंत असतांना सावकारानें शंभराचे साठ केले, असें होत नसे.

आज शहरांतील पुष्कळ सुशिक्षित कुटुंबांच्या नांवें अशाच प्रकारचें एक धन जमा होत असतें. विमानप्रवास केला म्हणजे कंपनी उतारूच्या खात्यावर ‘मैल’ जमा करते. क्रेडिट कार्डानें किराणा, कापड किंवा औषध घेतलें म्हणजे बँक ‘पॉइंट’ देते. आणि पुरेसा संचय झाला म्हणजे त्याच्या मोबदल्यांत विमानाचें तिकीट मिळतें. हीहि एक हुंडीच होय. मात्र या हुंडीवर रक्कम लिहिलेली नसते. ती वटविण्याच्या दिवशीं देणाराच ठरवितो. हा भेद दिसावयास लहान, परंतु या साऱ्या व्यवहाराचा इतिहास म्हणजे त्या एका भेदाचाच इतिहास आहे. जो गृहस्थ आज प्रथमच असें कार्ड घेण्याच्या विचारांत आहे, त्याला तो इतिहास कोणत्याहि जाहिरातीपेक्षां अधिक उपयोगी पडेल.

गिऱ्हाइकास बांधून ठेवण्यासाठीं खरेदीमागें कांहीं बक्षीस देण्याची युक्ति विमानाहून पुष्कळ जुनी आहे. इ. स. १८९६ मध्यें अमेरिकेंत स्पेरी आणि हचिन्सन या दोघांनीं एक कंपनी काढली. ही कंपनी हिरव्या रंगाचीं लहान तिकिटें छापी आणि दुकानदारांस विकी. दुकानदार दर दहा सेंटांच्या खरेदीमागें एक तिकीट गिऱ्हाइकास देई. गृहिणी तीं तिकिटें जिभेनें ओलीं करून एका वहींत चिकटवीत आणि वह्या भरल्या म्हणजे कंपनीच्या भांडारांतून दिवा, किटली, घोंगडी अशी एकादी वस्तु घेऊन येत. दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वीस वर्षांत हा छंद अमेरिकेच्या घराघरांत शिरला होता.

या व्यवहारांतील मर्म तिकिटें छापणाऱ्या कंपनीनें प्रथम ओळखलें. तिकिटाचे पैसे दुकानदाराकडून आज मिळत, वस्तु मात्र गिऱ्हाइकास वर्षा-दोन वर्षांनीं द्यावी लागे. मधल्या काळांत तो पैसा कंपनीपाशीं बिनव्याजी राही. शिवाय कित्येक वह्या अर्ध्याच भरत, कांहीं कपाटांत पडून राहत आणि कांहीं घर बदलतांना हरवत. जें तिकीट परत आलेंच नाहीं, त्याचा सगळा पैसा कंपनीचा नफा होई. दुकानदार आपला खर्च मालाच्या किंमतींत मिसळी, आणि तिकिटें न घेणाऱ्या गिऱ्हाइकासहि तीच किंमत द्यावी लागे. पुढें विमानकंपन्यांनीं आणि बँकांनीं जें जें केलें, त्याचें बीज या हिरव्या तिकिटांत आहे. १९७० नंतरच्या महागाईच्या आणि पेट्रोलटंचाईच्या वर्षांत लोकांस बक्षिसापेक्षां स्वस्त भाव अधिक प्रिय झाला आणि ही तिकिटें मागें पडलीं.

दुसरा प्रवाह उधारीच्या कार्डाचा. १९५० सालीं न्यूयॉर्क येथें फ्रँक मॅक्नामारा आणि त्याचे सहकारी यांनीं ‘डायनर्स क्लब’ स्थापन केला. हें कार्ड पुठ्ठ्याचें होतें. तें दाखवून सभासदानें ठराविक उपाहारगृहांत जेवावें, उपाहारगृहानें बिल क्लबाकडे पाठवावें आणि सभासदानें महिनाअखेर सारी रक्कम एकदम चुकती करावी, असा त्याचा नियम होता. जेवावयास गेलेला मॅक्नामारा पैशाचें पाकीट घरीं विसरला आणि त्या फजितींतून ही कल्पना निघाली, अशी एक आख्यायिका पुष्कळ वर्षें सांगण्यांत येई. ती प्रसिद्धीसाठीं रचलेली होती, असें क्लबाच्याच प्रसिद्धिअधिकाऱ्यानें पुढें कबूल केलें. आख्यायिकेपेक्षां महत्त्वाची गोष्ट अशी कीं, क्लब दर बिलामागें उपाहारगृहाकडून सुमारे सात टक्के कापून घेई. गिऱ्हाईक आणून दिल्याची ती दलाली होती. कार्डावरील प्रत्येक बक्षिसाचा मुख्य झरा आजहि हाच आहे.

आठ वर्षांनीं, सप्टेंबर १९५८ मध्यें, बँक ऑफ अमेरिकेनें कॅलिफोर्नियांतील फ्रेस्नो या गांवीं सुमारे ६०,००० कार्डें टपालानें घरोघर पाठविलीं. कोणीं तीं मागितलीं नव्हतीं. या कार्डांत एक नवी सोय होती: महिनाअखेर सारी रक्कम भरण्याची आवश्यकता नव्हती, थोडी भरून बाकीची व्याजानें पुढें ढकलतां येई. थकबाकी फार तर चार टक्के राहील असा बँकेचा अंदाज होता. ती बावीस टक्क्यांवर गेली, आणि चोरट्यांनीं टपालांतूनच लांबविलेल्या कार्डांनीं तोट्यांत भर घातली. तरी बँकेनें योजना सोडली नाहीं, कारण व्याजाची खाण कोठें आहे हें तिला कळून चुकलें होतें. हेंच कार्ड १९७६ सालीं ‘व्हिसा’ या नांवानें जगापुढें आलें.

या दोन प्रवाहांचा संगम घडवून आणला तो विमानांतील रिकाम्या खुर्चीनें. अमेरिकेंत १९३८ पासून विमानाचे मार्ग आणि भाडें सरकारी मंडळ ठरवीत असे. भाडें सर्वांचें सारखेंच, तेव्हां कंपन्यांची स्पर्धा चाले ती जेवणाच्या थाटांत आणि सेवेच्या नटव्या प्रकारांत. अमेरिकन एअरलाइन्सनें तर आपल्या जंबो विमानांत उतारूंच्या करमणुकीसाठीं पियानोसुद्धां ठेवला होता. २४ ऑक्टोबर १९७८ रोजीं अध्यक्ष कार्टर यांनीं विमानवाहतूक निर्बंधमुक्त करणाऱ्या कायद्यावर सही केली आणि हें सारें चित्र पालटलें. नव्या कंपन्या निघाल्या, भाडीं कोसळलीं, आणि उतारू स्वस्त तिकिटाच्या मागें या कंपनीकडून त्या कंपनीकडे धांवूं लागला. त्याला एकाच कंपनीशीं बांधून ठेवणें हा जुन्या कंपन्यांच्या जीवनमरणाचा प्रश्न झाला.

वाण्याच्या दुकानांत आज न विकलेला तांदूळ उद्यां विकतां येतो. विमान धांवपट्टी सोडून गेलें म्हणजे रिकामी राहिलेली खुर्ची कायमची वायां जाते. तीच खुर्ची जर निष्ठावंत उतारूस बक्षीस म्हणून दिली, तर कंपनीस थोडेंसें इंधन आणि एक जेवण एवढाच खर्च पडतो, घेणाराला मात्र ती शेंकडों डॉलरांची वाटते. या हिशेबावर अमेरिकन एअरलाइन्सनें १ मे १९८१ रोजीं ‘अ‍ॅडव्हांटेज’ नांवाची योजना सुरू केली. लहानसहान प्रयत्न त्यापूर्वींहि झाले होते. परंतु या कंपनीजवळ ‘सेबर’ ही संगणकावर चालणारी तिकिटनोंदणीची यंत्रणा होती. एकच टेलिफोन क्रमांक नोंदींत वारंवार कोठें येतो तें शोधून कंपनीनें आपले नेहमीचे उतारू हुडकून काढले आणि त्यांस आपण होऊन सभासद करून घेतलें. कांहीं दिवसांतच युनायटेडनें तशीच योजना काढली, आणि वर्ष संपण्यापूर्वीं इतर मोठ्या कंपन्याहि त्याच वाटेनें गेल्या. एकानें सुरू केलेलें बक्षीस सर्वांनीं दिलें, तेव्हां त्यापासून कोणासच विशेष लाभ उरला नाहीं. परंतु बंद करण्याचें धैर्यहि कोणास झालें नाहीं.

खरी क्रांति झाली ती १९८७ सालच्या सुमारास. त्या वर्षीं सिटी बँक आणि अमेरिकन एअरलाइन्स यांनीं मिळून एक क्रेडिट कार्ड काढलें. कार्डावर एक डॉलर खर्च केला कीं एक मैल मिळे. आतां मैल मिळविण्यासाठीं विमानांत बसण्याचीहि गरज उरली नाहीं. बँक विमानकंपनीकडून मैल घाऊक विकत घेई आणि आपल्या गिऱ्हाइकांस वांटी. ज्या कंपनीनें मैल हें बक्षीस म्हणून निर्माण केलें होतें, ती आतां मैल छापून विकणारी टांकसाळ झाली.

या टांकसाळींतील धातु कोणाच्या खिशांतून येतो हें पाहण्यासारखें आहे. कार्डानें पैसे भरले म्हणजे दुकानदारास पुरी रक्कम मिळत नाहीं. तिच्यांतून दलाली कापली जाते आणि तिचा मोठा भाग कार्ड देणाऱ्या बँकेकडे जातो. बँक त्यांतून पॉइंटांचा खर्च भागविते. दुकानदार ही कपात सर्वांच्या भावांत मिसळतो, आणि रोखीनें खरेदी करणारा मोलकरी मनुष्यहि तोच भाव देतो. अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेच्या बोस्टन शाखेंतील अर्थशास्त्रज्ञांनीं २०१० सालीं याचा हिशेब मांडला. त्यांच्या अंदाजाप्रमाणें रोखीनें व्यवहार करणाऱ्या प्रत्येक कुटुंबाच्या खिशांतून वर्षाला सरासरी १४९ डॉलर कार्डवाल्यांकडे जात, आणि कार्ड वापरणाऱ्या प्रत्येक कुटुंबास त्यामुळें १,१३३ डॉलरांचा लाभ होई. दुसरा झरा व्याजाचा. जो कार्डधारक बिल थकवितो, तो वेळेवर भरणाऱ्याच्या विमानप्रवासास हातभार लावीत असतो. फुकट म्हणून मिळालेल्या तिकिटाचे पैसे असे कोणीतरी भरलेलेच असतात.

मैलांची ही टांकसाळ इतकी वाढली कीं चतुर लोकांनीं तिच्या फटी शोधून काढल्या. १९९९ सालीं अमेरिकेंतील एका खाद्यपदार्थांच्या कंपनीनें आपल्या मालाच्या दहा वेष्टनांमागें पांचशें मैल देऊं केले, आणि मुदतीपूर्वीं वेष्टनें पाठविल्यास दुप्पट. कॅलिफोर्नियांतील एका अभियंत्यानें जाहिरात लक्षपूर्वक वाचली आणि त्या कंपनीचा सर्वांत स्वस्त पदार्थ कोणता तें शोधलें. पंचवीस सेंटांस मिळणारें पुडिंग हा तो पदार्थ. त्यानें गांवोगांवचीं दुकानें पालथीं घालून १२,१५० पुडिंगें विकत घेतलीं. एवढें खाणें अशक्य आणि एवढीं वेष्टनें मुदतींत काढणेंहि अशक्य. तेव्हां त्यानें तीं एका धर्मादाय संस्थेस देऊन टाकलीं आणि तेथील स्वयंसेवकांनीं त्याला वेष्टनें काढून दिलीं. सुमारे ३,१४० डॉलर खर्चून त्यास साडेबारा लक्ष मैल मिळाले, शिवाय दानाबद्दल प्राप्तिकरांत सवलतहि मिळाली! पुढें अमेरिकन सरकारनें एक डॉलरची नाणीं चलनांत आणण्यासाठीं तीं दर्शनी किंमतीस, टपालखर्च न घेतां, घरपोंच पाठविण्यास आरंभ केला. तेव्हां कांहीं लोकांनीं कार्डावर हजारों नाणीं मागविलीं, तीं तशींच बँकेंत भरून कार्डाचें बिल चुकतें केलें आणि मैल पदरांत पाडून घेतले. जुलै २०११ मध्यें टांकसाळीनें कार्डावर हीं नाणीं विकणें बंद केलें.

अशा कथा मौजेच्या खऱ्या, परंतु नवख्या माणसास त्या फसव्या ठरतात. कारण मैलांच्या इतिहासांत उतारूनें कंपनीस चकविल्याचे प्रसंग थोडे, आणि कंपनीनें उतारूच्या संचयाचें मोल उतरविल्याचे प्रसंग पुष्कळ. १९८८ सालीं अमेरिकन एअरलाइन्सनें नियम बदलून बक्षिसाच्या तिकिटांवर संख्येचे आणि तारखांचे निर्बंध घातले, आणि ते पूर्वीं जमविलेल्या मैलांसहि लागू केले. संतप्त सभासद न्यायालयांत गेले. तो वाद अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोंचला आणि जानेवारी १९९५ मध्यें निकाल लागला: ग्राहकसंरक्षणाच्या प्रांतिक कायद्यांखालीं अशी तक्रार चालणार नाहीं, मात्र कराराचा भंग झाला असें म्हणून दाद मागतां येईल. परंतु करार तरी कोणीं लिहिलेला? कंपनीनेंच, आणि योजनेचे नियम बदलण्याचा अधिकार राखून ठेवणें हें अशा करारांतील नेहमींचें कलम होऊन बसलें. १ जानेवारी २०१५ पासून डेल्टानें अंतराऐवजीं भरलेल्या भाड्यावर मैल देण्यास सुरुवात केली. त्याच वर्षीं युनायटेडनें आणि पुढच्या वर्षीं अमेरिकननें तेंच केलें. ‘मैल’ हें नांव राहिलें. त्याचा अंतराशीं असलेला संबंध मात्र तुटला.

ही टांकसाळ किती मोलाची झाली होती, तें २०२० च्या महामारींत दिसून आलें. विमानें जमिनीवर खिळलीं असतां युनायटेडनें आपली मैलांची योजना तारण ठेवून जवळजवळ सात अब्ज डॉलर उभे केले. त्या योजनेचें मोल कंपनीनें सुमारे बावीस अब्ज डॉलर सांगितलें. त्या वेळीं शेअरबाजारांत अख्ख्या कंपनीची किंमत याहून कमी होती. पुढच्या वर्षीं अमेरिकन एअरलाइन्सनें आपल्या योजनेच्या तारणावर दहा अब्ज डॉलर उभारले.

भारतांत या इतिहासाचे पडसाद उशिरां, परंतु तितक्याच स्पष्टपणें उमटले. मुंबईंत मुख्य कचेरी असलेल्या सेंट्रल बँक ऑफ इंडियानें १९८० सालीं ‘सेंट्रलकार्ड’ काढलें आणि भारतीय बँकांच्या क्रेडिट कार्डाचा आरंभ झाला. १९९१ नंतर खासगी विमानकंपन्या आल्या आणि त्यांच्याबरोबर मैलांच्या योजनाहि आल्या. ऑक्टोबर २०१२ मध्यें किंगफिशरचीं उड्डाणें थांबलीं, तेव्हां तिच्या सभासदांच्या संचयावर त्या कंपनीचें तिकीट मिळण्याची वाट बंद झाली. १७ एप्रिल २०१९ रोजीं जेट एअरवेजचीं विमानें उतरलीं तीं पुनः उडालीं नाहींत. परंतु तिची मैलांची योजना २०१४ पासून वेगळ्या कंपनीकडे असल्यामुळें ती नांव बदलून जिवंत राहिली आणि सभासदांस आपले मैल अन्यत्र खर्च करतां आले. नोव्हेंबर २०२४ मध्यें विस्तारा एअर इंडियांत विलीन झाली, तेव्हां तिच्या सभासदांचे पॉइंट एअर इंडियाच्या योजनेंत जमा झाले. हुंडी तीच, वटण्याच्या तऱ्हा तीन. आणि तिहींपैकीं एकहि ठरविण्याचा अधिकार सभासदाच्या हातीं नव्हता.

या सव्वाशें वर्षांच्या अनुभवावरून आरंभ करणाऱ्यास कांहीं नियम सहज काढतां येतात. पहिला आणि सर्वांत मोठा नियम थकबाकीचा. भारतांत क्रेडिट कार्डावरील व्याज सामान्यतः महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास, म्हणजे वर्षाला चाळीस टक्क्यांहून अधिक पडतें. तीस टक्क्यांवरील व्याज गैर ठरविणारा राष्ट्रीय ग्राहक आयोगाचा २००८ सालचा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें डिसेंबर २०२४ मध्यें रद्द केला. एक लाख रुपयांच्या खर्चावर एक टक्का किंमतीचे पॉइंट मिळाले, तर लाभ हजार रुपयांचा. तीच रक्कम एक महिना थकली, तर व्याज साडेतीन हजार. बिलावर ‘किमान देय रक्कम’ म्हणून जो लहान आंकडा छापलेला असतो, तोच फ्रेस्नोच्या कार्डाचा वंशज होय. ज्या घरांत बिल दरमहा पुरतें चुकतें होण्याची खात्री नाहीं, त्या घरानें पॉइंटांचा विचारच करूं नये.

दुसरा नियम मोल मोजण्याचा. दहा हजार पॉइंटांस मिळणारें तिकीट रोखीनें सहा हजार रुपयांस मिळत असेल, आणि बक्षिसाच्या तिकिटावरहि हजार रुपये कर भरावा लागत असेल, तर दहा हजार पॉइंटांचें मोल पांच हजार रुपये, म्हणजे प्रत्येकीं पन्नास पैसे. एवढा भागाकार केला म्हणजे कार्डाची वार्षिक वर्गणी परवडते कीं नाहीं तें तत्काळ कळतें. तिसरा नियम क्रमाचा. बहुतेक लोक आधीं कार्ड घेतात आणि मग कोठें जावें याचा विचार करतात. वस्तुतः आधीं प्रवास ठरवावा, त्या मार्गावर कोणत्या कंपनीचीं विमानें जातात तें पाहावें, आणि मग कार्ड निवडावें. विमानकंपनीच्या योजनेचें सभासदत्व बहुधा विनामूल्य असतें. तें मात्र पहिल्या प्रवासापूर्वींच घ्यावें आणि नांव पारपत्रावर आहे तसेंच लिहावें. बँकेचे पॉइंट अनेक कंपन्यांकडे वळवितां येत असतील, तर ते बँकेंतच राहूं द्यावेत आणि तिकीट उपलब्ध आहे अशी खात्री झाल्यावरच वळवावेत. कारण एकदां वळविलेले पॉइंट सामान्यतः परत येत नाहींत.

शेवटचा नियम संचयाचा, आणि तो काटकसरी घरांस सर्वांत अवघड. सोनें, जमीन, ठेव हीं सांठवावींत असें वाडवडिलांनीं शिकविलें. म्हणून मैलहि सांठवावेत असें मनास वाटतें. परंतु ठेवीस व्याज मिळतें. मैलांस मिळत नाहीं. त्यांस मुदत असते, त्यांचा भाव एकतर्फी उतरतो, आणि कंपनी बुडाली तर त्यांच्यासाठीं भांडणाराहि कोणी नसतो. मुलीच्या परदेशांतील शिक्षणासाठीं किंवा निवृत्तीनंतरच्या प्रवासासाठीं म्हणून दहा वर्षें मैल जमवीत बसणारा गृहस्थ हा वाटेंत रेंगाळलेल्या यात्रेकरूसारखा आहे. हुंडी गांठीं असेल तर काशी लवकर गांठावी. सावकाराची पत आज कितीहि मोठी दिसो, या हुंडीवर रक्कम लिहिलेली नाहीं, हें विसरतां कामा नये.